धडधड कागदावर यायला हवी

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. नोकरीचा बराच काळ हृदयरोग्यांच्या वॉर्डात गेला, त्यातली काही वर्षं पुण्यात. देशभरातल्या युनिटमधून हृदयाचे रुग्ण तिथं येतात. पेन्शन आल्यापासून सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांचे अर्ज आणि अपिलं भरून देतो. आमच्या भागात शिपाई असो की सुभेदार, फौजेतून घरी आलेल्या प्रत्येकाला गाव ‘मेजर’ म्हणतं. त्या हाकेत मान आहे, पण मेजरच्या पिशवीत कोणते कागद आहेत आणि कोणते नाहीत, हे कोणी पाहत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत गोळी लागलेले किंवा पाय गमावलेले थोडे असतात. आजार घेऊन परतलेले जास्त, आणि त्यांच्यात सगळ्यांत फरफट होते ती हृदयाचा ताल बिघडलेल्यांची. ज्याची रक्तवाहिनी तुंबली त्याच्याकडे अँजिओग्राफीचा अहवाल असतो. ज्याची झडप खराब आहे त्याचं इकोमध्ये दिसतं. तालाचा आजार मात्र येतो आणि जातो. मेडिकल बोर्डासमोर माणूस बसतो तेव्हा नाडी बहात्तर, अगदी एकसारखी. अपंगत्वाचा टक्का ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे मग कागदाशिवाय काही उरत नाही. इतक्या लोकांचे कागद हाताळताना जे कळलं ते क्रमाने लिहितो.

१. पुरावा धडधड चालू असतानाच मिळतो

साधा ईसीजी हृदयाचे सुमारे दहा सेकंद टिपतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडी वाटेल तशी धावते. सुरुवातीच्या काळात हे काही मिनिटं किंवा काही तास चालतं आणि आपोआप थांबतं. एसव्हीटी या तालाच्या दुसऱ्या प्रकारात नाडी एकदम दीडशे-दोनशेवर जाते आणि तशीच एकदम खाली येते. दोन झटक्यांच्या मधला ईसीजी बहुतेक वेळा निर्दोष असतो. होल्टर मशीन चोवीस तास छातीला लावलं तरी ज्याला दीड-दोन महिन्यांतून एकदा त्रास होतो त्याचं होल्टर कोरं येण्याचीच शक्यता जास्त. ‘होल्टर नॉर्मल’ एवढ्या दोन शब्दांवर आजार नाही असं ठरवलेले कागद मी पाहिले आहेत. तो निष्कर्ष चुकीचा आहे. त्या चोवीस तासांत झटका आला नाही, इतकंच त्यातून कळतं.

म्हणून नोकरीत असलेल्या प्रत्येक मुलाला सांगतो: धडधड सुरू झाली की त्याच क्षणी एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, गाठ. उद्या सकाळच्या सिक रिपोर्टला नको, आत्ता. ईसीजी काढायला सांग. त्यावर नाव, नंबर, तारीख आणि वेळ आहे का ते बघ. आणि त्या पट्टीची लगेच झेरॉक्स काढ. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, काही वर्षांत त्यावरची रेघ फिकी होते. अपिलाच्या फायलीत पांढऱ्याफटक पट्ट्या लावून आलेले लोक मला भेटले आहेत. झटका पकडला गेला होता, कागदावर आलाही होता, पण वाचण्याजोगा राहिला नव्हता.

आता मुलं एमआय रूमला का जात नाहीत, हेही सांगायला हवं. कॅटेगरी लागेल ही भीती. सैन्यात आरोग्याची प्रतवारी ‘शेप’ या पाच अक्षरांनी होते. त्यातलं पी हे शरीराच्या सामान्य क्षमतेचं, आणि हृदयाचा आजार तिथंच नोंदला जातो. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा दर्जा, गेला की प्रमोशन अडतं, कोर्स हुकतो, परदेशातल्या शांतिसेनेच्या तुकडीतून नाव गळतं. घरी बहिणीचं लग्न, घराचं कर्ज, हवालदारीची पट्टी दोन वर्षांवर आलेली, अशा वेळी जवान गप्प राहतो. त्याला भित्रा किंवा लबाड म्हणू नये, तो संसार सांभाळत असतो.

मराठा लाइट इन्फंट्रीचा एक नाईक लेहच्या पुढच्या चौकीवर रात्री ड्यूटीत असा त्रास सहन करायचा. दगडाला पाठ लावून बसायचा, तोंडावर थंड पाणी मारायचा, थोड्या वेळाने उठून पुन्हा उभा राहायचा. ठाऊक होतं फक्त त्याच्या बडीला. पेन्शन आल्यावर कऱ्हाडकडच्या आपल्या गावी असताना त्याला पक्षाघात झाला आणि आयुष्यातला पहिला बिघडलेला ईसीजी खाजगी दवाखान्यात निघाला. सेवेतल्या कागदांत धडधड हा शब्द एकदाही नव्हता. त्याचा दावा त्याच मुद्द्यावर फेटाळला गेला. बडीने प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, भला माणूस, पण डॉक्टरची नोंद आणि मित्राची साक्ष यांचं वजन सारखं होत नाही. कॅटेगरी खाली जाते तशी औषधोपचाराने वर येऊ शकते, हे त्याला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर त्याचा उजवा हात आज चालला असता, असं मला मनापासून वाटतं.

२. आधी कारण, मग टक्का

लोक येतात तेच विचारत: ‘भाऊ, मला किती टक्के बसतील?’ मी आधी बोर्डाच्या फॉर्ममधलं दुसरंच पान उघडतो. आजार सैनिकी सेवेमुळे झाला का, किंवा सेवेमुळे वाढला का, या प्रश्नापुढे काय लिहिलं आहे ते पाहतो. दोन्हीकडे ‘नाही’ असेल तर पुढे तीस टक्के लिहिलेले असोत की साठ, त्यातून अपंगत्वाचा पैसा मिळत नाही. तालाच्या आजारात हे ‘नाही’ फार सहज पडतं. कारण म्हणून एकच शब्द लिहिलेला असतो, ‘कॉन्स्टिट्यूशनल’. म्हणजे तुझ्या शरीराच्या घडणीतच होतं, फौजेचा संबंध नाही.

इथं प्रत्येक माजी सैनिकाला एक निकाल माहीत असायला हवा: धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, जुलै २०१३. धरमवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले, नऊएक वर्षांनी फेफऱ्याच्या आजारामुळे त्यांना बाहेर काढण्यात आलं, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही असं बोर्डाने लिहिलं. न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरायचं. नंतर तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं मानायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैन्याची आहे, जवानाची नाही. शंकेचा फायदा जवानाला मिळतो. आणि भरतीच्या तपासणीत हा आजार का सापडू शकला नसता, याची कारणं बोर्डाने लिहायला हवीत. नुसतं ‘संबंध नाही’ पुरत नाही.

डब्ल्यूपीडब्ल्यू नावाच्या प्रकारात हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट असते. बोर्ड म्हणतं, जन्मजात आहे. खरं आहे. तरी ‘सेवेमुळे वाढला का’ हा दुसरा प्रश्न उरतोच. वीस वर्षं गावात कधी त्रास न झालेला मुलगा उंचावरच्या पोस्टिंगमध्ये, थंडीत, अपुऱ्या झोपेत, पाठीवर ओझं घेऊन चालताना पहिल्यांदा कोसळतो, तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात उडवता येत नाही. अपिलात मी या ‘वाढला’वरच जास्त भर देतो. ‘सेवेमुळेच झाला’ हे हृदयाच्या बाबतीत दाखवणं अवघड असतं. सेवेने भर घातली हे दाखवायला पोस्टिंगच्या तारखा आणि पहिल्या झटक्याची तारीख समोरासमोर ठेवल्या तरी बरंच उलगडतं.

३. टक्क्यांचा हिशेब स्वतः मांडून पाहावा

ज्याला आजारामुळे मुदतीआधी बाहेर काढलं जातं त्याच्या पेन्शनचे दोन भाग असतात, सेवेचा आणि अपंगत्वाचा. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के, आणि खाली त्या प्रमाणात. वीस टक्क्यांच्या खाली सहसा काही नाही. शेवटचं वेतन पन्नास हजार धरलं तर शंभर टक्क्यांना पंधरा हजार, तीस टक्क्यांना साडेचार हजार. त्यावर महागाई सवलत वेगळी.

यात एक मोठी सवलत आहे. सरकारच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रानुसार टक्का वरच्या टप्प्याला नेतात: पन्नासच्या आतला पन्नास, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंतचा पंचाहत्तर, त्यावरचा शंभर. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या साडेचार हजारांचे साडेसात हजार होतात. सरकार ही सवलत फक्त मुदतीआधी बाहेर काढलेल्यांना देत होतं. राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण नोकरी करून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. हे न कळल्यामुळे वर्षानुवर्षं वीस-तीस टक्क्यांवरच पैसे घेत राहिलेली म्हातारी माणसं अजूनही भेटतात.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हकदारी नियम आले आहेत आणि निवृत्त होणाऱ्यांच्या अपंगत्वाच्या रकमेला आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ म्हणतात. त्या तारखेनंतर बाहेर पडलेल्याने शेजारच्या मेजरच्या जुन्या पीपीओवरून, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरून, आपला हिशेब करू नये. नवे नियम हातात घेऊनच करावा.

दोन आजार असतील, समजा रक्तदाब आणि एट्रियल फिब्रिलेशन, तर त्यांच्या टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, बोर्ड एकत्रित टक्का देतं. आणि त्यातला एकच आजार सेवेशी जोडला गेला तर पैसा त्या एकाच्याच टक्क्यावर मिळतो. माझ्या अनुभवात नाकारला जातो तो बहुधा तालाचा आजार.

४. बोर्डापुढे ‘ठीक हूँ साब’ म्हणू नये

ही सवय रंगरूटपणापासून अंगात मुरलेली असते. डॉक्टर विचारतात, कसं वाटतं? जवान ताठ बसतो आणि म्हणतो, ठीक हूँ साब. डॉक्टर तेच लिहितात.

काय सांगायचं ते आदल्या रात्री एका कागदावर मांडून न्यावं. पहिला झटका कधी, कुठे, काय करत असताना. महिन्यातून किती वेळा. किती वेळ टिकतो. चक्कर येते का, शुद्ध हरपली आहे का, दम लागतो का. किती जिने चढता येतात. इंजेक्शन देऊन किंवा शॉक देऊन ताल परत आणावा लागला का, लागला असेल तर तारीख आणि रुग्णालय. कोणत्या गोळ्या किती वर्षं चालू आहेत. रक्त पातळ करणारं औषध असेल तर ते आवर्जून सांगावं, कारण त्या औषधावर असलेल्या माणसाला लागलं-खुपलं तर रक्त लवकर थांबत नाही आणि फौजेतल्या कामात लागणं-खुपणं रोजचं असतं. ट्रेडमिल चाचणी झाली असेल तर तिचा आकडा, मेट्समध्ये लिहिलेला, पाठ असावा. शरीराला किती कष्ट झेपतात हे तो आकडा सांगतो आणि डॉक्टरांची भाषा तीच आहे.

फॉर्ममध्ये सैनिकाचं स्वतःचं निवेदन असतं. ते कारकुनाने भरून पुढे केलं तर न वाचता सही करू नका. ‘सेवेपूर्वी असा त्रास होता का?’ या प्रश्नापुढे चुकीने ‘होय’ पडलं तर धरमवीर सिंग निकालाचा सगळा आधार तिथंच निसटतो.

वाढवूनही सांगू नये. डॉक्टर लोक रोज दहा हृदयं ऐकतात, खोटा दम त्यांना लगेच कळतो. मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो, तुमच्याही आणि तुमच्यानंतर आत येणाऱ्याच्याही.

५. टक्क्यासाठी उपचार टाळणारा जिवाशी खेळतो

हे लिहिताना मला राग येतो, तो लपवत नाही. ‘अॅब्लेशन केलं तर बरा होईन आणि टक्का जाईल’ या हिशेबाने उपचार पुढे ढकलणारे लोक आहेत, आणि त्यांना तसा सल्ला देणारेही आहेत.

एसव्हीटीच्या बहुतेक प्रकारांत अॅब्लेशनने माणूस कायमचा बरा होतो. मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळून बंद करतात आणि थोड्याच दिवसांत माणूस कामाला लागतो. असा बरा झालेला माणूस कमी टक्क्याला पात्र ठरला तर ठरू दे, तो धावू शकतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मात्र परिणाम तितका पक्का नसतो, आजार पुन्हा उलटू शकतो, आणि उपचार न घेतल्यास थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाण्याचा धोका असतो. पक्षाघाताचा टक्का मोठा असतो म्हणून तो कोणी मागून घेत नाही.

पेसमेकर बसवलेल्यांचा वेगळा घोटाळा होतो. नाडी आता नीट चालते म्हणून आजार संपला, असं त्यांना सांगितलं जातं. नाडी यंत्र चालवतं आहे. मूळचा हार्ट ब्लॉक जिथल्या तिथं आहे, बॅटरी संपली की यंत्र बदलावं लागणार आहे, आणि जड सामान उचलून उंचावर जाणं त्या माणसाला आता जमणार नाही. अपिलात हे एकेक करून मांडावं लागतं.

६. ड्यूटीचा तपशील युनिटमधून निघण्याआधी घ्या

सैन्याच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत हृदयविकाराच्या झटक्यासाठी आधीच्या चौदा दिवसांत माणूस काय काम करत होता याचा तपशील पाहायला सांगितलं होतं. तालाच्या आजारातही तसाच तपशील आपणहून जोडावा, असं मी सांगतो. कोणत्या चौकीवर, किती उंचीवर, रात्रपाळी किती, कोणता सराव चालू होता. लेह शहरच साडेतीन हजार मीटरवर आहे, चौक्या त्याहून वर. विरळ हवेत शरीर जास्त अॅड्रेनॅलिन सोडतं, नाडी वाढते, फुप्फुसांतला दाब वाढतो, आणि उजव्या बाजूच्या कप्प्यांवर ताण येतो. हे कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाला मान्य असतं, पण त्या काळात तुम्ही तिथं होता हे दाखवणारा कागद तुमच्याकडे हवा.

झटका पीस स्टेशनमध्ये, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, आला म्हणून सेवेचा संबंध तुटत नाही. सशस्त्र बल न्यायाधिकरणाने असा युक्तिवाद अनेक प्रकरणांत नाकारला आहे. पीस स्टेशनमध्येही गार्ड असते, परेड असते, घरापासून दूर राहणं असतं.

७. अमेरिकेची पद्धत वाचून एक गोष्ट स्पष्ट होते

आमच्या गावातल्या एका मेजरचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्याच्याकडून अमेरिकी माजी सैनिकांच्या खात्याचा तक्ता मागवून घेतला. तिथं प्रत्येक आजाराला क्रमांक आहे. एसव्हीटी आणि एट्रियल फिब्रिलेशन ७०१० या क्रमांकाखाली येतात. नोव्हेंबर २०२१ पर्यंत तिथं वर्षातले ईसीजी किंवा होल्टरवर नोंदलेले झटके मोजत असत: चारापेक्षा जास्त असले तर तीस टक्के, एक ते चार असले तर दहा. त्यानंतर नियम बदलला. आता ईसीजीवर आजार सिद्ध झालेला हवा आणि वर्षात किती वेळा शिरेतून औषध, शॉक किंवा अॅब्लेशन करावं लागलं ते मोजतात. पाच किंवा जास्त वेळा असेल तर तीस टक्के. एक ते चार वेळा, किंवा नियमित गोळ्या चालू असतील, तर दहा. पेसमेकर बसवल्यावर रुग्णालयातून सुटल्यापासून एक महिना शंभर टक्के. खालच्या कप्प्यांचा ताल बिघडून छातीत शॉक देणारं यंत्र बसवावं लागलं तर शंभर टक्के.

ही पद्धत आदर्श आहे असं माझं म्हणणं नाही. घरी बसून झटके सोसणाऱ्याला तिच्यात कमी मिळतं, रुग्णालयाजवळ राहणाऱ्याला जास्त, असंही होत असणार. पण एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथला जवान तक्ता उघडून स्वतःचा टक्का आधीच ताडून पाहू शकतो आणि कमी मिळाला तर नेमकं काय चुकलं हे बोट ठेवून सांगू शकतो. आपल्याकडे तालाच्या आजाराचा टक्का बराचसा बोर्डाच्या अंदाजावर राहतो, आणि सारखाच आजार असलेल्या दोघांना वेगवेगळे टक्के मिळालेले मी एकाच आठवड्यात पाहिले आहेत. झटके, उपचार आणि मेट्स यांवर आधारलेला, जवानाला त्याच्या भाषेत वाचता येईल असा तक्ता आपल्याकडेही व्हायला हवा.

८. नकार आला की तारखेकडे बघा

नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांच्या आत रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिलं अपील करता येतं, ते फेटाळलं तर दुसरं. त्यानंतर सशस्त्र बल न्यायाधिकरण. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झालं आणि २००९ पासून चालू आहे. मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात येतात. तिथं माणूस स्वतः उभा राहू शकतो.

अपिलाआधी बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मिळवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाने बेळगावला, मेडिकल कोअरवाल्याने लखनौला. प्रत हातात न घेता लिहिलेलं अपील अंधारात मारलेल्या गोळीसारखं जातं.

वर्षं उलटून गेली असली तरी हातपाय गाळू नका. पेन्शन दर महिन्याला देय होते, त्यामुळे उशिरा आलेला दावाही ऐकला जातो. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर मागची थकबाकी सहसा तीनच वर्षांची मिळते. जितकी वर्षं गप्प बसाल तितके पैसे बुडतात.

आणि थकबाकीतला हिस्सा मागणाऱ्या दलालांपासून लांब राहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज भरायला मदत मिळते, तिला पैसे पडत नाहीत.

९. प्रत्येक चुकलेला ठोका अपंगत्व नसतो

निरोगी माणसाच्या हृदयातही मधूनच एखादा ठोका आधी पडतो, मग छातीत धस्स होतं. चहा, तंबाखू, जागरण, काळजी यांनी ते वाढतं. इको चांगला असेल आणि ठोके थोडे असतील तर त्याला सहसा औषधही लागत नाही. अशांना मी अर्ज भरून देत नाही. थायरॉइड तपासायला सांगतो, दारू सोडायला सांगतो आणि झोपेत घोरून श्वास अडकत असेल तर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून तपासणी करून घ्यायला सांगतो, कारण या तिन्हींमुळे ताल बिघडू शकतो. काहींना वाईट वाटतं. वाटू दे.

१०. कागद घरातल्या बाईला माहीत हवेत

नोकरीत असताना सेवेशी जोडलेल्या आजाराने जवान गेला तर पत्नीला विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, शेवटच्या वेतनाच्या साठ टक्के. संबंध मानला गेला नाही तर साधं, सुरुवातीची वर्षं सोडली तर तीस टक्के. कारणाचा प्रश्न असा नवऱ्यामागे बायकोच्या ताटापर्यंत येतो. तरीही वहिनींना बहुतेक घरांत फक्त बँकेचं पासबुक माहीत असतं. डिस्चार्ज बुक, बोर्डाची प्रत, पीपीओ, पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलचा पासवर्ड, ईसीजीच्या झेरॉक्स आणि रुग्णालयातून सुटल्याचे कागद एका फायलीत असावेत आणि ती फाइल कुठे आहे हे तिला ठाऊक असावं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा मुलगा, भाऊ किंवा नवरा आज वर्दीत असेल तर तो सुट्टीवर आल्यावर त्याला शांतपणे विचारा, छातीत कधी धडधडतं का. तो आधी नाही म्हणेल. पुन्हा विचारा. आणि हो म्हणाला तर परत गेल्यावर पहिल्याच झटक्याला एमआय रूममध्ये ईसीजी काढायला लावा, आणि त्याची एक प्रत घरी मागवून घ्या.